पेट्रोल महागलं की घरातलं नेमकं काय कमी होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी रोज गाडीने कामावर जातो, एका बाजूचं अंतर २५ किलोमीटर. पत्नी दुचाकीने ७ किलोमीटरवर अर्धवेळ कामाला जाते. वर्षभरात पेट्रोल साधारण २० टक्क्यांनी महागलं, पगार मात्र आहे तेवढाच. हिशेब केला तर वाढ फार मोठी दिसत नाही, तरी महिनाअखेर हात रिकामाच असतो. असं का होतं? गाडी बदलावी, बसने जावं, पत्नीने काम सोडावं, की मी घराजवळ काम शोधावं?"

कुटुंबांचे जमाखर्च मांडून देण्याचं काम मी अनेक वर्षं करते आहे. इंधनाचे दर चढू लागले की हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत समोर येतो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकतंय, आपलाच हात सैल सुटलाय. तसं नसतं. वाढ लहान दिसणं आणि ओढाताण मोठी होणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

तुमच्या दोघांचा मिळून हातात येणारा पगार १०० धरू, चलन कुठलंही असो. त्यात तुमचे ७५ आणि पत्नीचे २५. घराचा हप्ता किंवा भाडं, मुलांची फी, विमा, वीज, फोन हे सगळं मिळून ५५ जातात. किराणा आणि घरातलं रोजचं सामान २२. कामावर जाण्यायेण्याचं पेट्रोल १२. उरले ११. औषधपाणी, कपडेलत्ते, पाहुणे, मुलांचे हट्ट, गाडीची दुरुस्ती आणि बचत या साऱ्यांना हे ११ पुरवायचे असतात. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ घरांचं चित्र याच्या आसपासचं असतं.

आता पेट्रोल २० टक्क्यांनी वाढलं. १२ चे १४.४ झाले. पगाराच्या मानाने वाढ २.४ टक्के, म्हणूनच ती तुम्हाला किरकोळ वाटते. पण हे २.४ येणार कुठून? हप्ता देणारी संस्था एक पैसा सोडत नाही, फी ठरलेली असते, किराण्यात एका मर्यादेपलीकडे हात घालता येत नाही. म्हणजे ते येतात त्या ११ मधून. ११ मधले २.४ म्हणजे जवळजवळ २२ टक्के. तुमच्या पगाराला दोन-अडीच टक्क्यांचा ओरखडा आला, पण हातात मोकळ्या राहणाऱ्या पैशांतला पाचवा हिस्सा गेला. महिनाअखेर तुम्हाला जाणवते ती ही दुसरी संख्या.

म्हणून बातम्यांमध्ये सरासरी कुटुंबावर होणाऱ्या परिणामाचे जे आकडे येतात, त्यांवरून स्वतःच्या घराचा अंदाज बांधू नका. सरासरीत कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारेही असतात आणि पन्नास किलोमीटरवरून येणारेही. तुमचा आकडा तीन गोष्टींवरून निघतो: महिन्याचे किलोमीटर, वाहनाचं मायलेज आणि मोकळी उरणारी रक्कम. तुमचे महिन्याला २२ दिवस धरले तर ५० किलोमीटरप्रमाणे १,१०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर ७३ लिटर. पत्नीचे महिन्याला ३०८ किलोमीटर, दुचाकी ४५ देते असं धरलं तर ७ लिटरही लागत नाहीत. हे ७३ आणि ७ कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

दर वाढला तर लोक कमी पेट्रोल वापरतील, असा एक सर्वसाधारण समज असतो. थोडं कमी होतंही, पण फारच थोडं. ह्यूज, निटल आणि स्पर्लिंग या तीन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या पेट्रोलच्या खपाची दोन काळांत तुलना केली. १९७५ ते १९८० या काळात दर १० टक्क्यांनी वाढला की थोड्या मुदतीत खप साधारण २ ते ३ टक्क्यांनी घटत होता. २००१ ते २००६ या काळात तेवढ्याच वाढीला खप एक टक्कासुद्धा घटत नव्हता. दरम्यान वस्त्या दूर दूर पसरल्या, काम आणि घर यांत अंतर पडलं आणि गाडीवाचून पर्याय उरला नाही, हे त्यामागचं एक पटणारं कारण. सोमवारी सकाळी पेट्रोल महागलं म्हणून कचेरी पाच किलोमीटर जवळ येत नाही. तुमचे १,१०० किलोमीटर तुम्ही घर घेतलं आणि नोकरी धरली तेव्हाच ठरून गेले. दर वाढतो तेव्हा त्या जुन्या निर्णयाची किंमत वाढते.

आणि घर लांब का घेतलं, तर तिथे ते परवडलं म्हणून. इथे मला मनापासून वाईट वाटतं, कारण या निर्णयात उधळपट्टी काहीच नसते, उलट काटकसरच असते. भाड्यात किंवा हप्त्यात वाचवलेले पैसे मग रोज टाकीत ओतावे लागतात. अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी' या संस्थेने यासाठी निवास आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजायची पद्धत रूढ केली आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावा अशी मर्यादा मांडली. आकडा देशोदेशी वेगळा निघेल, पण एकत्र मोजण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. घर बघायला जाल तेव्हा भाड्याशेजारी महिन्याचं पेट्रोलही लिहा, आणि ते आजच्या दराने न लिहिता आजच्यापेक्षा ३० टक्के जास्त दराने लिहा. तेवढ्यावरही घर परवडत असेल तरच ते परवडतं.

आता हात रिकामा होतो तो कसा, ते बघू.

पुष्कळ लोक पंपावर लिटर सांगत नाहीत, रक्कम सांगतात. दर वेळी तेवढ्याच रकमेचं टाकायचं, ही सवय. दर २० टक्क्यांनी वाढला की त्याच रकमेत पूर्वीपेक्षा सुमारे १७ टक्के कमी पेट्रोल येतं. आधी जे सहा दिवस जायचं, ते पाच दिवसांत संपतं. पंपावर दिलेली रक्कम तीच असल्यामुळे वाढ मनाला लागत नाही. महिन्यात पाचऐवजी सहा वेळा पंपावर जाणं झालंय, हे मात्र कुणी मोजत नाही. माझी पहिली सूचना यासाठीच आहे: दोन महिने टाकी पूर्ण भरा, लिटर आणि गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. यातून खर्चही कळतो आणि गाडीचं खरं मायलेजही. कंपनी सांगते ते मायलेज वेगळं आणि तुमच्या रस्त्यावर मिळतं ते वेगळं.

वाढीव पैसे जिथून निघतात त्या जागांचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. सगळ्यात आधी बचत थांबते, कारण तिच्यासाठी दारात येऊन कुणी तगादा लावत नाही. मग गाडीची सर्व्हिसिंग पुढे ढकलली जाते. ती ढकलल्याने मायलेज आणखी घसरतं, म्हणजे पेट्रोल वाचवायला म्हणून केलेली काटकसर पेट्रोलच जास्त खाते. त्यानंतर दातांची तपासणी, चष्म्याचा नवा नंबर, डॉक्टरांनी सांगितलेल्या चाचण्या. शेवटी क्रेडिट कार्डावर थकबाकी राहू लागते. तुमच्या घरात यातली कुठली पायरी आली आहे, हे प्रामाणिकपणे बघा. बचत थांबलेली असेल तर अजून वेळ आहे. कार्डावरची थकबाकी महिन्यामागून महिना वाढत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती थांबवायची, कारण त्या व्याजापुढे पेट्रोलची वाढ काहीच नाही.

पंपावरच्या वाढीमागून दुसरी लाट येते. माल वाहून आणणाऱ्या ट्रकांना डिझेल लागतं, शेतीला लागतं, मासेमारीच्या बोटींना लागतं, आणि खत तयार करायला नैसर्गिक वायू लागतो. हा वाढीव खर्च दुकानातल्या किमतीत उतरायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तुमचा २२ चा किराणा यामुळे नुसता ३ टक्क्यांनी महागला तरी आणखी ०.६६ जातात. मोकळ्या ११ मधून आता एकूण ३ पेक्षा जास्त गेले, म्हणजे २८ टक्के. पेट्रोलचे दर स्थिर झाल्यावरही "अजून महागाई कशी?" असं लोक विचारतात, त्याचं हे उत्तर. ज्याच्या घरी वाहनच नाही त्यालाही ही दुसरी लाट गाठते, आणि त्याच्याकडे मोकळी रक्कम बहुधा आणखी कमी असते.

मग दर खाली आले की सगळं पूर्ववत होतं का? हळूहळू आणि अर्धवट. १९९१ साली रॉबर्ट बेकन यांनी ब्रिटनच्या पेट्रोल बाजाराचा अभ्यास करून दाखवलं की कच्चं तेल महागलं की पंपावरचे दर झटकन चढतात आणि स्वस्त झालं की रेंगाळत उतरतात. त्याला त्यांनी रॉकेट आणि पीस अशी नावं दिली. चढताना रॉकेट, उतरताना पीस. पुढे अनेक देशांच्या बाजारांत अशीच चाल आढळली. वाहतुकीची भाडी तर याहून चिवट असतात. एकदा वाढलेलं भाडं डिझेल स्वस्त झालं म्हणून कमी झाल्याचं क्वचितच पाहायला मिळतं.

"दर पुढे कुठे जातील?" असंही लोक मला विचारतात. या बाजाराचा इतिहास बघा. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा पिंप, म्हणजे साधारण १५९ लिटर, १४७ डॉलरपर्यंत गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४० डॉलरच्या खाली आला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी तेलाच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेला तेल घेण्याच्या कराराचा, दर एका दिवसापुरता शून्याखाली बंद झाला. दोनच वर्षांनी, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, मार्च २०२२ मध्ये ब्रेंट, म्हणजे जगभरात दराचं माप म्हणून धरलं जाणारं कच्चं तेल, पिंपाला १३० डॉलरच्या वर गेलं. शिवाय तेलाचे व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये होत असल्याने, तेल जागच्या जागी असलं तरी तुमच्या देशाचं चलन घसरलं की पंपावर दर चढतो. त्यावर कर. युरोपातल्या बऱ्याच देशांत पंपावरच्या दरातला निम्म्याच्या आसपासचा भाग करांचा असतो, तर अमेरिकेत केंद्रीय कर १९९३ पासून गॅलनला (सुमारे ३.८ लिटरला) १८.४ सेंटवरच थांबलेला आहे. इतक्या धाग्यांनी ओढली जाणारी किंमत घर चालवणाऱ्याने ओळखायला जाऊ नये. मागच्या बारा महिन्यांतला सर्वांत चढा दर घ्यावा आणि घरखर्च त्यावर बेतावा. दर त्याखाली असेल त्या महिन्यांतला फरक वेगळ्या खात्यात टाकावा. पुढची वाढ आली की तीच रक्कम कामाला येते.

आता तुमचे प्रश्न. "पत्नीने काम सोडावं का?" यापासून सुरुवात करते, कारण घरोघरी हाच निर्णय सगळ्यात घाईत घेतला जातो. ज्याचा पगार कमी त्याचं जाणंयेणं परवडत नाही, असं गृहीत धरलं जातं, आणि ती व्यक्ती बहुधा घरातली बाई असते. तुमचा हिशेब नीट मांडा. तुमच्या ८० लिटरांपैकी ७३ लिटर तुमचे आहेत. वाढीनंतरच्या १४.४ पैकी तुमच्या जाण्यायेण्याला १३.२ लागतात आणि पत्नीच्या जाण्यायेण्याला १.२. तुमच्या ७५ च्या पगारातले जवळजवळ १८ टक्के कामावर पोहोचण्यात जातात, तिच्या २५ मधले पाच टक्केसुद्धा जात नाहीत. घरातली सगळ्यात स्वस्तात होणारी कमाई तिची आहे. ती सोडून १.२ वाचवायचे आणि २५ गमवायचे, हा व्यवहार कसा करायचा? मुलांकडे बघण्यासाठी किंवा तिच्या तब्येतीसाठी काम सोडायचं असेल तर तो तुम्हा दोघांचा विचार आहे, त्यात मी पडणार नाही. पेट्रोलच्या नावाखाली मात्र ते होऊ नये. सुटलेली नोकरी परत मिळवणं दरवाढ सोसण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

तिचं काम ३०-४० किलोमीटरवर असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, हेही सांगायला हवं. अर्धवेळ काम करणाऱ्यांवर दरवाढीचा मार दुप्पट बसतो. चार तासांसाठी जा नाहीतर आठ तासांसाठी, रस्ता तेवढाच. अशा वेळी काम सोडण्याआधी मालकाशी बोलून पाच दिवस चार-चार तासांऐवजी तीन दिवस सहा-सात तास करता येतात का, हे जरूर विचारावं. कामाचे तास तेवढेच राहून फेऱ्या पाचाच्या तीन होतात. विचारायला लोक संकोचतात, पण मालकाचं त्यात बहुधा काही जात नाही.

हेच सूत्र तुम्हालाही लागू आहे, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात मोठा उपाय हाच आहे. आठवड्यातले पाच दिवस जाता, त्यातला एक दिवस घरून काम करायची मुभा मिळाली तर प्रवास २० टक्क्यांनी कमी होतो. दर २० टक्क्यांनी वाढलेला असताना प्रवास २० टक्क्यांनी घटला, तर खर्च पूर्वीच्या ९६ टक्के होतो. सगळी दरवाढ भरून निघून वर थोडे उरतात. एकही पैसा न गुंतवता. घरून करता येण्यासारखं काम नसेल तर त्याच वाटेने येणाऱ्या सहकाऱ्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस एकाच गाडीत या. त्यात अडचण येते ती पैशांच्या संकोचाची, म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाका: आळीपाळीने गाडी काढायची, किंवा महिन्याचे किलोमीटर मोजून निम्मे पैसे द्यायचे. भाडं घेऊन प्रवासी नेणं आणि खर्च वाटून घेणं यांत विम्याच्या आणि कायद्याच्या दृष्टीने फरक केला जातो, तेवढं आपल्या ठिकाणी विचारून घ्या.

गाडी बदलण्याबद्दल सावध राहा. तुमची गाडी १५ देते, २० देणारी घेतली असं समजा. ७३ लिटरांचे ५५ होतील, १३.२ चे ९.९. महिन्याला ३.३ वाचले. नव्या गाडीचा हप्ता आणि वाढीव विमा मिळून ३.३ पेक्षा जास्त असेल तर नाकापेक्षा मोती जड. बहुतेक वेळा तसंच होतं. दर चढलेले असताना कमी पेट्रोल खाणाऱ्या जुन्या गाड्यांना मागणी वाढते आणि तुमच्या गाडीला भाव कमी येतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. गाडी तशीही बदलायच्या टप्प्यावर आली असेल तर गोष्ट वेगळी. विजेवरच्या गाडीचा विचार असेल तर मध्यम आकाराची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ ते २० युनिट वीज घेते. तुमच्या १,१०० किलोमीटरला १६५ ते २२० युनिट. त्याला तुमच्या विजेच्या दराने गुणा आणि ७३ लिटरांच्या खर्चाशेजारी ठेवा. घरी चार्जिंगची सोय नसेल आणि बाहेरच्या चार्जरवर अवलंबून राहायचं असेल तर गुणायचा दर बाहेरचा घ्या, तो बराच जास्त असू शकतो.

मायलेजच्या आकड्यांत एक फसगत असते, ती समजून घ्या. लॅरिक आणि सोल या अभ्यासकांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात तिच्याकडे लक्ष वेधलं. १० देणारी गाडी १२ वर नेली आणि ३० देणारं वाहन ४५ वर नेलं, तर पेट्रोल कशात जास्त वाचेल? बहुतेक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतात. १,१०० किलोमीटरला १० च्या गाडीला ११० लिटर लागतात, १२ च्या गाडीला ९२. अठरा लिटर वाचले. ३० च्या वाहनाला ३७ आणि ४५ च्या वाहनाला २४, म्हणजे बाराएक लिटरच वाचले. ज्या घरात दोन वाहनं आहेत त्यांनी याचा अर्थ असा घ्यावा: सुधारणा करायची ती आधी सगळ्यात जास्त पिणाऱ्या वाहनात, आणि लांबच्या वाटेवर पाठवायचं ते सगळ्यात कमी पिणारं वाहन. दोन चारचाकी असतील तर किल्ल्यांची अदलाबदल एवढाच उपाय कधी कधी पुरतो. तुमच्याकडे दुसरं वाहन दुचाकी आहे. वेगवान, अवजड वाहतुकीच्या रस्त्यावर रोज ५० किलोमीटर दुचाकी चालवून पेट्रोल वाचवा, असं मी कुणालाही सांगणार नाही. अपघाताचा धोका मोठा असतो आणि जिवाची किंमत लिटरांत मोजता येत नाही.

चालवण्याच्या पद्धतीतून काय वाचतं? अनेकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. हिसके देत वेग घेणं आणि करकचून ब्रेक मारणं यामुळे महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्के मायलेज जातं, असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर त्याच्या आकारानुसार तासाला साधारण १ ते २ लिटर जातात. रोज १५ मिनिटं गाडी चालू ठेवून उभी राहिली तर महिन्याला साडेपाच तास होतात, म्हणजे ७३ पैकी किमान पाच लिटर जागच्या जागी जळाले. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग थोडा कमी ठेवला तरी फरक पडतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर, अशी वेगमर्यादा आणली ती याच कारणाने. टायरमधली हवा महिन्यातून एकदा तपासा, टपावर रिकामा कॅरिअर असेल तर काढून ठेवा. पेट्रोलमध्ये टाकायच्या 'मायलेज वाढवणाऱ्या' गोळ्या आणि बाटल्या मात्र विकत घेऊ नका.

बसचं किंवा रेल्वेचं गणित करताना एक गोष्ट सुटते. पास आणि पेट्रोल यांची तुलना बरोबर, पण गाडी दारात उभी राहिली तरी तिचा हप्ता आणि विमा चालूच राहतात. म्हणून गाडी ठेवून बसने जाण्यात वाचेल ते फक्त पेट्रोल आणि थोडीफार झीज. खरी मोठी बचत होते ती दोन वाहनांच्या घरातलं एक वाहन विकता येतं तेव्हा. दुसरं म्हणजे वेळ. बसने रोज ५० मिनिटं जास्त लागत असतील तर महिन्याला १८ तास होतात. वाचलेल्या रकमेला १८ ने भागा आणि एवढ्या पैशांना तुमचा एक तास द्यायची तुमची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. त्या तासात मुलांचा अभ्यास घेत असाल तर उत्तर वेगळं येईल, आणि गाडीत अडकून पडण्यापेक्षा बसमध्ये डोळा लागणं बरं वाटत असेल तर त्याहून वेगळं. सगळे दिवस एकाच पद्धतीने जायला हवं असंही नाही. स्टेशनपर्यंत दुचाकी आणि पुढे रेल्वे, किंवा आठवड्यात दोन दिवस बस, यानेही लिटर कमी होतात.

सरकारकडून काय अपेक्षा ठेवावी, यावर थोडं बोलते. जर्मनीने २०२२ च्या जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत दोन गोष्टी एकदम केल्या: पेट्रोलवरचा कर लिटरला सुमारे ३० सेंटने कमी केला आणि महिनाभर देशभरातल्या स्थानिक बस-रेल्वेने फिरण्यासाठी ९ युरोंचं तिकीट काढलं. अशी पाच कोटींहून जास्त तिकिटं खपली. करकपात तीन महिन्यांनी संपली. तिकिटाची कल्पना टिकली आणि मे २०२३ मध्ये कायम चालणारं मासिक तिकीट आलं, सुरुवातीला ४९ युरोंना. पण दाराजवळ थांबाच नाही त्याला स्वस्त तिकिटाचा काय उपयोग? नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समध्ये इंधनकराविरुद्ध पिवळ्या जॅकेटवाल्यांचं जे आंदोलन पेटलं, त्यात खेड्यांतली आणि शहरांच्या कडेची गाडीवर अवलंबून असलेली माणसं मोठ्या संख्येने होती. सरकारला पुढची करवाढ रद्द करावी लागली. माझं स्पष्ट मत असं आहे की पर्याय देण्याआधी इंधन महाग करणं हा सर्वांत लांब राहणाऱ्यांवर अन्याय आहे, आणि पर्याय उभा न करता नुसती करकपात करत राहणं हे त्यांना तिथेच अडकवून ठेवणं आहे. तुमच्या हातातली गोष्ट एवढीच: कामावरून प्रवासभत्ता मिळत असेल तर तो शेवटचा कधी वाढला ते बघा आणि दर वर्षी पंपावरच्या दरानुसार तो बदलावा असं लेखी मागा. एकट्याने मागण्यापेक्षा चार जणांनी मिळून मागितलं तर ऐकलं जातं.

राहिलं घराजवळचं काम. ५ किलोमीटरवर काम मिळालं तर तुमचा प्रवास पाचव्या हिश्श्यावर येईल, १३.२ चे सुमारे २.६. महिन्याला १०.५ च्या वर वाचतील. म्हणजे पगार ७५ वरून साडेचौसष्टपर्यंत, १४ टक्क्यांनी, खाली आला तरी घरात तेवढेच पैसे राहतात. आणि रोजचा तास-सव्वा तास मोकळा मिळतो तो वेगळाच. मात्र पुढच्या पगारवाढी कमी झालेल्या मूळ पगारावर मिळतील, निवृत्तीची शिल्लकही त्याच पगारावर साचेल, म्हणून मी १४ टक्क्यांपर्यंत जाऊ नका असं सांगेन. ७-८ टक्क्यांपर्यंतची घट, नोकरी तितकीच खात्रीची आणि काम आवडीचं, एवढं जमत असेल तर विचार करावा. तोवर या महिन्यापासून टाकी पूर्ण भरून लिटर लिहायला लागा आणि घरून काम करायच्या एका दिवसाबद्दल वरिष्ठांशी बोला. दोन महिन्यांचे खरे आकडे हातात आले की गाडीचा प्रश्न पुन्हा काढू.